टिकली हाकेला येऊ लागली, त्याची हकीगत

आमची कुत्री टिकली जानेवारीत घरी आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मी तिला कुंपण नसलेल्या माळावर पहिल्यांदा पट्ट्याशिवाय सोडलं. मधल्या काळात काय केलं, कुठे थांबावं लागलं, पैसे कशावर गेले, हे क्रमाने लिहून काढते आहे. ज्यांचं कुत्रं हाक ऐकून फक्त मान वळवतं आणि पुन्हा हुंगायला लागतं, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल. "रोज सराव करा" असं सगळेच सांगतात. सराव नेमका कशाचा, हे मला तेव्हा कोणी नीट सांगितलं नव्हतं.

शेल्टरच्या कागदांवर तिच्या वयापुढे "अंदाजे" एवढंच लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी ओठ वर करून दात पाहिले. दुधाचे दात पडून गेलेले, कायमचे सुळे पुरते आलेले आणि अगदी पांढरेशुभ्र. सहा-सात महिन्यांची असणार, असं ते म्हणाले. मी मुद्दाम कानही तपासून घेतले. ती दुसरीकडे बघत असताना मागून हलकी टाळी वाजवली, तसा डावा कान लगेच फिरला. ही तपासणी प्रत्येकाने आधी करून घ्यावी असं मला वाटतं. कानात संसर्ग असेल किंवा ऐकूच कमी येत असेल, तर महिनोन्‌महिने शिकवूनही हाती काही लागणार नाही आणि दोष मात्र कुत्र्याच्या माथी जाईल.

दुसरं काम चिपचं. ओळख पटावी म्हणून मानेजवळ कातडीखाली बसवलेल्या चिपवर पंधरा आकडी क्रमांक असतो. स्कॅनरने तो वाचता येतो, पण त्या क्रमांकापुढे नोंद कोणाची आहे यावर सगळं अवलंबून असतं. टिकलीची नोंद शेल्टरच्या नावावर होती. नाव बदलायला अर्ज, दत्तक घेतल्याच्या कागदाची प्रत, माझं ओळखपत्र आणि शेल्टरचं संमतिपत्र लागलं. त्यातलं संमतिपत्र एका सहीसाठी अडकलं आणि बदल दिसायला फेब्रुवारी उजाडला. तोवर गळपट्ट्याला फोन नंबर कोरलेला बिल्ला लावला होता. तो मी पहिल्याच दिवशी करून घेतला. कुत्रं मोकळं सोडण्याचा विचार मनात असेल, तर हे कागद आधी पुरे करा. ते हरवलं तर सापडवणाऱ्याने चिप वाचून भलत्यालाच फोन करायला नको.

प्रशिक्षणाच्या वर्गात लगेच जागा मिळाली नाही. लसीकरणाचं पुस्तक, जंतांच्या औषधाची नोंद आणि शेवटच्या डोसनंतर काही दिवसांचं अंतर, एवढं झाल्यावर नाव प्रतीक्षायादीत गेलं. जागा मार्चमध्ये मिळाली. सगळ्या खर्चात मोठा वाटा वर्गाच्या फीचा होता. बाकी हार्नेस (छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा), लांब दोरी आणि शिट्टी हा एकदाचा खर्च, तोही त्यामानाने किरकोळ. खाऊवर मात्र दर आठवड्याला पैसे जातात, आणि ते अजूनही जातात.

वाट बघण्याच्या त्या काळात ट्रेनरताईंनी फोनवरून एक काम दिलं होतं. आधीच्या घरात टिकलीला "ये" म्हणून बोलवायचे आणि आली की बांधून टाकायचे, हे शेल्टरमधून कळलं होतं. त्यामुळे "ये" ऐकलं की तिची शेपूट खाली जायची आणि ती दोन पावलं बाजूला सरायची. ताई म्हणाल्या, "तो शब्द सोडून द्या. तिच्यासाठी तो खराब झालाय. घरात दिवसभर कोणी वापरत नाही असा दुसरा निवडा." लपाछपी खेळताना मुलं आवाज देतात तसं "कूऽऽक" म्हणू या, असं माझ्या मुलीने सुचवलं. उंच पट्टीत लांबवता येतो, वाऱ्यातही पोचतो आणि घरातलं कोणीही म्हटलं तरी साधारण सारखाच निघतो. तोच ठरला.

पहिले दोनेक आठवडे या आवाजाने टिकलीला बोलावलंच नाही. ती शेजारीच उभी असताना "कूऽऽक" म्हणायचं, क्षणभर थांबायचं आणि मग तिच्या तोंडाशी खाऊ द्यायचा. तिने काही करायचं नाही. आवाज आधी आणि हात नंतर, हा क्रम मात्र काटेकोर पाळायचा. रशियन शरीरशास्त्रज्ञ पाव्हलोव्ह यांच्या प्रयोगांतून हेच दिसलं होतं की खूण अन्नाच्या आधी आली तर जनावर तिच्यावरून अन्नाची अपेक्षा करू लागतं. हात आधी खिशाकडे गेला, तर कुत्रं हाताकडे बघायला शिकतं आणि आवाज नुसता कानावरून जातो. हे वाचायला सोपं वाटतं. पण आपला हात किती अधीर असतो ते करून बघितल्यावरच समजतं. मी डावा हात पाठीमागे धरून उभी राहायचे.

खाऊ म्हणजे मीठ न घालता उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. रोजच्या आहारातल्या उष्मांकांपैकी साधारण दहा टक्क्यांच्या वर खाऊ जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. म्हणून तुकडे बारीक केले आणि तेवढं जेवण कमी केलं. कोरडी बिस्किटं घरात चालली, मैदानात तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

याच दिवसांत गळपट्ट्याचा सराव सुरू केला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच भागाकडे होतं. कुत्रं हाकेला येतं, पण हातभर अंतरावर थांबतं आणि पट्टा धरायला गेलं की उडी मारून पळतं. टिकली हात येताना दिसला की मान खांद्यांत ओढून घ्यायची, डोळे बारीक करायची. म्हणून आधी फक्त हात तिच्या हनुवटीखाली आणायचा आणि खाऊ द्यायचा. मग बोट पट्ट्याला लावायचं, खाऊ. मग दोन बोटं पट्ट्यात घालायची, खाऊ. वरून डोक्यावर हात न्यायचा नाही, बाजूने आणि खालून न्यायचा. मार्च सुरू झाला तेव्हा हात पुढे आला की ती स्वतःच मान त्यात आणून ठेवायला लागली होती. आजही ती आली की आधी पट्ट्याला हात लागतो आणि मगच खाऊ मिळतो.

मार्चमध्ये घरातल्या घरात खरं बोलावणं सुरू झालं. मी स्वयंपाकघरात, मुलगी आतल्या खोलीत, आणि टिकली आम्हां दोघींच्या मध्ये. एकीने आवाज द्यायचा, पोचली की मनसोक्त कौतुक आणि खाऊ, मग दुसरीने. थोड्याच दिवसांत तिने युक्ती काढली. एकीकडून खाऊ मिळाला की कोणी बोलावण्याआधीच दुसरीकडे धावायचं. तेव्हा नियम केला की जिने हाक मारली तिच्याकडे गेलं तरच खाऊ, आणि पाळी मुद्दाम उलटसुलट करायची. मग दाराआड, पडद्यामागे लपून बोलवायला लागलो. आम्हाला हुडकून काढल्यावर तिचं अख्खं अंग शेपटीबरोबर हलायचं. वर्गातही ताईंनी असाच एक प्रकार घेतला. टिकलीला त्या छातीपाशी अलगद धरून ठेवायच्या, मी तिच्यासमोरून पळत दूर जायचे, वळून आवाज द्यायचे आणि त्या सोडून द्यायच्या. पळणाऱ्याच्या मागे धावणं कुत्र्याला मुळातच आवडतं. एरवीही ती रेंगाळली तर तिच्याकडे जाण्याऐवजी मी उलट्या दिशेने चार पावलं पळते, नाहीतर तिच्याकडे कूस करून खाली बसते. समोर ताठ उभं राहून वाकलं की ती बिचकते.

आता लांब दोरी. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण इजा इथे होतात. आम्ही दहा मीटरची, प्लास्टिकचा थर असलेली चपटी दोरी घेतली. ती पाणी पीत नाही आणि झुडपात कमी अडकते. सुती दोरी स्वस्त असते, पण भिजली की जड होते. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायची, गळपट्ट्याला कधीच नाही. वेगात धावणारं कुत्रं दोरी संपल्यावर थांबतं तेव्हा सगळा हिसका मानेला बसतो. हातमोजे घालायचे. दोरी हाताला किंवा बोटांना गुंडाळायची नाही. घोटे झाकतील असे बूट घालायचे, नाहीतर दोरी सळकन घासून कातडी भाजल्यासारखी निघते. शेवटचा हातात धरायचा फास कापून टाकला, म्हणजे दोरी जमिनीवरून घसटत गेली तरी कशात अडकत नाही. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी या कामाला नको. तिचा ताण सतत जाणवत राहतो आणि ताणलं की लांबी वाढते, हेच कुत्रं शिकतं.

दोरी तिला ओढून आणायला नसते. आपल्याकडे आली नाही तर मजेने निघून जाण्याची वाट बंद ठेवायला असते. ताईंचं सांगणं एवढंच होतं: हाक एकदाच. आली नाही तर पुन्हा ओरडायचं नाही. दोरी हातात गोळा करत तिच्याजवळ चालत जायचं, लक्ष वेधून घ्यायचं, दोन पावलं मागे सरून ती आली की खाऊ द्यायचा, आणि पुढची हाक निम्म्या अंतरावरून मारायची. त्याहून अवघड असतं हाक न मारणं. ती बिळात नाक खुपसून बसली असेल, दुसऱ्या कुत्र्याशी खेळण्यात गर्क असेल, आणि ती येईलच अशी माझी खात्री नसेल, तर मी तोंड मिटून तिच्याजवळ चालत जायचे. अंघोळ, नखं कापणं, औषध, फिरणं संपवून घरी जाणं, यातल्या कशासाठीही "कूऽऽक" वापरायचं नाही, हा घरातल्या सगळ्यांसाठी नियम होता. माझ्या अनुभवात या शिक्षणाचं निम्म्याहून जास्त काम हेच आहे. आवाज कानावर पडला आणि काहीच घडलं नाही, असं जितकं कमी वेळा होईल तितकं बरं.

मैदानात तिच्याकडे बारकाईने बघायला लागले तेव्हा एक गोष्ट दिसली. हाक पोचली की आधी एक कान मागे फिरतो, नाक अजून गवतातच असतं. मग हुंगणं क्षणभर थांबतं. मग डोकं उचललं जातं, आणि सगळ्यात शेवटी अंग वळतं. डोकं उचललं त्याच क्षणी मी "शाब्बास!" म्हणायला लागले आणि ती पोचेपर्यंत बोलत राहायचे. निर्णय तिने त्या क्षणी घेतलेला असतो. कौतुक पायाशी आल्यावर केलं तर त्याला उशीर झालेला असतो.

एप्रिलच्या अखेरीला सगळं बिघडलं. चांगली येणारी टिकली कान फिरवायची आणि तशीच उभी राहायची. वर्गात ताईंच्या हाकेला यायची, माझ्या नाही. मी फार खचले. आपल्यावर तिचा जीवच नाही असं वाटायचं आणि एकदोनदा घरी येऊन रडलेही. ताईंनी वयाकडे बोट दाखवलं. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंधांना वाट दाखवणाऱ्या मार्गदर्शक कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांच्या वयात आणि आठ महिन्यांच्या वयात तीच कुत्री तपासली, तर आठव्या महिन्यात ती स्वतःच्या सांभाळणाऱ्याची "बस" ही सूचना आधीपेक्षा कमी पाळत होती, अनोळखी माणसाची मात्र पाळत होती. आपल्या घरची नुकती वयात आलेली मुलं वागतात तसंच. टिकली तेव्हा त्याच्या थोडी पुढे, नऊ-दहा महिन्यांची असावी. हे कळल्यावर मन बरंच हलकं झालं. अंतर कमी केलं, पुन्हा रिकाम्या कोपऱ्यात गेलो, खाऊ सुधारला आणि वाट पाहिली. मे आणि जून असेच गेले. या काळात दोरी सोडू नका, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

त्याच सुमारास मैदानावर एकाने विजेचा झटका देणारा गळपट्टा सुचवला. त्यांचा हेतू चांगला होता. मी नाही म्हटलं, आणि त्यामागे जीव दुखण्यापलीकडेही कारण होतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमक्या याच प्रश्नावर काम केलेलं आहे. हाकेला न येण्यासारख्या अडचणी असलेल्या ६३ कुत्र्यांचे तीन गट केले होते, त्यातल्या एकाला असाच पट्टा वापरून शिकवलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले, त्यात बक्षिसावर भर देणाऱ्या गटातली कुत्री पहिल्याच सूचनेला जास्त वेळा आणि जास्त लवकर प्रतिसाद देत होती. वेल्समध्ये तर हे पट्टे २०१० पासून बंदच आहेत. ज्या आवाजाभोवती मी महिनोन्‌महिने चांगल्या गोष्टी गोळा करत होते, त्याला वेदना चिकटवायची माझी तयारी नव्हती.

जूनमध्ये दोरीने एकदा तिला वाचवलं. जवळच्या रस्त्यावर टायर फुटला आणि टिकली उधळली. दोरीवर माझा पाय होता, म्हणून ती मैदानातच राहिली. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. मी हाक मारली नाही. घाबरलेल्या कुत्र्यापर्यंत हाक पोचत नाही. मी जमिनीवर बसले, तोंड दुसरीकडे केलं आणि सावकाश श्वास घेत राहिले. बऱ्याच वेळाने तिची कूस माझ्या पाठीला लागली. त्या दिवशी खाऊ देऊनही तिने घेतला नाही. आम्ही गुपचूप घरी गेलो.

जुलैपासून गाडी रुळावर आली, आणि तेव्हा सगळ्यात उपयोगी पडलं ते डेव्हिड प्रेमॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेलं एक तत्त्व: जे करायला जीव आसुसलेला असतो, तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. टिकलीला चिकनपेक्षाही झुडपाचा बुंधा हुंगण्यात रस होता. म्हणून तिला बोलवायचं, पट्ट्याला हात लावायचा, तुकडा द्यायचा आणि लगेच "जा, हुंग!" म्हणून त्याच झुडपाकडे सोडायचं. हाकेला आलं की मजा संपते, हा तिचा जुना समज त्याने पुसला गेला. एका फेरीत अशा अनेक हाका आणि त्यातल्या एखाद्याच वेळी दोरी आखूड. घरी निघताना तर मी तिच्याकडे चालत जाऊन पट्टा लावायचे, वाटेत थोडं खेळायचे आणि मग गाडीकडे वळायचे.

ऑगस्टमध्ये शिट्टी आणली. घशाचा आवाज भीतीने, रागाने, सर्दीने बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच्या उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ च्या आसपासपर्यंत. त्यामुळे माणसाला जवळजवळ ऐकू न येणाऱ्या शिट्ट्याही मिळतात. त्यांचा शोध एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गाल्टन यांनी लावला. मी मुद्दाम मला ऐकू येणारी घेतली, म्हणजे नीट वाजली की नाही ते मलाही समजतं. एकाच पट्टीची दुसरीही घेऊन ठेवली आहे. शिट्टी आणीबाणीसाठी राखायची ठरवलं. घरी, दिवसातून एखाद्याच वेळी, जेवणाआधी तीन आखूड फुंकर आणि त्यापाठोपाठ अर्धा मिनिटभर एकामागून एक उत्तमोत्तम तुकडे, सोबत आनंदाचा कल्लोळ. नेहमीच्या सरावात ती कधीच वापरली नाही.

सप्टेंबरमध्ये तासाने आरक्षित करता येणारं, चहूबाजूंनी कुंपण असलेलं मैदान घेतलं. आधी दोरी जमिनीवर सोडून दिली, मग कापून आखूड केली आणि शेवटी काढली. काढताना मी मुद्दाम काही बोलले नाही, की तिला फरक कळू नये. अंतर वाढवलं की बाकी सगळं शांत हवं. दुसरं कुत्रं आणलं की अंतर कमी. एका वेळी एकच गोष्ट कठीण करायची. हे पथ्य पाळलं की पुढे जाणं संथ वाटतं, पण मागे यावं लागत नाही.

नोव्हेंबरात माळावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला गवतातून ससा उठला. टिकलीचे पुढचे पाय हवेत गेले तेवढ्यात मी शिट्टी फुंकली. पहिल्या एक-दोन सेकंदांत हाक गेली तर कुत्रं वळू शकतं, पाठलाग रंगल्यावर फार अवघड. ती पाच-सहा झेपा गेली, मग एक कान फिरला, आणि धावतच मोठं वळण घेऊन ती माझ्याकडे यायला लागली. माझे हात थरथरत होते. डब्यात होतं नव्हतं ते सगळं तिला दिलं आणि ओढायचं फडकं काढून तिच्याबरोबर पळाले, कारण धावायची ऊर्मी अंगात होतीच आणि ससा तर द्यायचा नव्हता. नंतर तासभर दोरी लावून ठेवली. एवढी उत्तेजित झाल्यावर पुढची हाक मारून बघण्यात अर्थ नव्हता.

आजची स्थिती अशी आहे. रस्त्याच्या कडेला, गुरंमेंढरं चरत असतील तिथे आणि अंधार पडल्यावर दोरी असतेच. ही मर्यादा कायमची, कितीही चांगली आली तरी. खाऊ बंद केलेला नाही. कधी एक तुकडा, कधी मूठभर, कधी चेंडू, कधी नुसतं "जा, हुंग!", पण रिकाम्या हाती परत पाठवत नाही. आजारपणामुळे आठवडाभर सराव चुकला तर पुढचे काही दिवस पुन्हा लांब दोरीवर जातो. सासूबाईंना गॅलरीतून तिला हाक मारून बघायला फार आवडतं. म्हणून खाऊचा एक डबा आता गॅलरीच्या दाराशी ठेवला आहे, आणि डबा हातात घेतल्याशिवाय हाक मारायची नाही हे त्यांच्याशी ठरलं आहे.